वाचक विचारतात : चौदा वर्षांचा शिपाई

मागील अंकात गॅलिपोलीच्या मोहिमेविषयीच्या एका प्रश्नाला उत्तर देताना मी ओघात लिहून गेलो होतो, की त्या मोहिमेत मरण पावलेला ऑस्ट्रेलियन पायदळातील जेम्स मार्टिन हा शिपाई अवघा चौदा वर्षे नऊ महिन्यांचा होता. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली, की या वेळचे सगळे सदर त्यालाच द्यावे लागत आहे. ज्या पत्रांचा आशय सारखा होता ती एकत्र केली आहेत. ज्यांनी मागील अंक वाचलेला नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की पहिल्या महायुद्धात ब्रिटन व फ्रान्स यांनी तुर्कस्तानच्या गॅलिपोली द्वीपकल्पावर २५ एप्रिल १९१५ रोजी सैन्य उतरवले, आठ महिने ते सैन्य किनाऱ्यालगतच्या डोंगरांना चिकटून राहिले आणि काहीही हाती न लागता परतले. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे सैनिक ज्या भागात उतरले त्याला ‘अँझॅक’ हे नाव पडले. तेथे ऑस्ट्रेलियाचे आठ हजारांहून अधिक सैनिक मरण पावले.

प्रश्न : चौदा वर्षांचा मुलगा सैन्यात भरती होऊच कसा शकला? वयाचा दाखला कोणी मागितला नाही काय? की त्या काळी कायदाच तसा होता? — एक निवृत्त शिक्षक, नाशिक

उत्तर : कायदा तसा नव्हता. एकवीस वर्षे पूर्ण न झालेल्या तरुणाला आईवडिलांची लेखी संमती आणावी लागे, आणि संमती असली तरी अठराच्या आतल्या मुलाला लढाऊ शिपाई म्हणून घेण्याची परवानगी नव्हती. बिगूल किंवा तुतारी वाजवणारे म्हणून त्याहून लहान मुले घेतली जात, पण त्यांची गोष्ट वेगळी. मात्र जन्माचा दाखला सादर करण्याची सक्ती नसल्यामुळे उमेदवार सांगेल ते वय अर्जात लिहिले जाई, तो शपथ घेई, डॉक्टर छाती, डोळे आणि दात तपासून त्याला योग्य ठरवत, आणि एवढ्यावर काम भागे. समोर उभा असलेला मुलगा धडधाकट असेल आणि त्याच्या हातात पालकांची चिठ्ठी असेल, तर भरतीच्या टेबलामागे बसलेल्या माणसाला अधिक खोलात शिरण्याचे काही कारण नसे. त्याला माणसे हवी होती.

जिम (घरात त्याला हेच नाव होते) ३ जानेवारी १९०१ रोजी न्यू साउथ वेल्समधील टोकमवॉल या मरे नदीकाठच्या गावी जन्मला. ऑस्ट्रेलियातील सहा वसाहती एकत्र येऊन एक राष्ट्र झाल्याला त्या दिवशी जेमतेम दोन दिवस झाले होते. त्यामुळे देश आणि हा मुलगा यांचे वय जवळपास सारखेच म्हणायला हवे. पाच बहिणींमध्ये तो एकटा भाऊ. पुढे कुटुंब मेलबर्नच्या हॉथॉर्न या उपनगरात राहू लागले आणि तेथल्या मॅनिंगट्री रोड शाळेत तो शिकला. १९११ पासून ऑस्ट्रेलियात शाळकरी मुलांना बाराव्या वर्षापासून लष्करी कवायत सक्तीची होती, त्यामुळे रांगेत उभे राहणे, हुकूम ऐकणे, पाय मिळवून चालणे हे सारे त्याला भरतीच्या आधीच येत होते. भरती झाला तेव्हा तो शेतमजुरीचे काम करत होता. १२ एप्रिल १९१५ रोजी त्याने मेलबर्नमध्ये नाव नोंदवले, तेव्हा त्याचे खरे वय चौदा वर्षे तीन महिने होते. कागदावर त्याने अठरा सांगितले.

या तारखेकडे लक्ष वेधतो, कारण काही वाचकांनी असे गृहीत धरले आहे की गॅलिपोलीच्या पराक्रमाच्या बातम्या वाचून हा मुलगा पेटून उठला असावा. ज्या दिवशी त्याने सही केली त्या दिवशी गॅलिपोलीवर एकही ऑस्ट्रेलियन सैनिक उतरलेला नव्हता. ते घडायला अजून तेरा दिवस अवकाश होता. बातम्या येऊन धडकल्यानंतर भरतीच्या दाराशी जी झुंबड उडाली, आणि जी जुलै १९१५ मध्ये कळसाला पोहोचली, तिच्यातला हा मुलगा नव्हे. त्याच्या घरात जे घडले ते अधिक साधे होते. वडील चार्ल्स स्वतः भरतीसाठी गेले होते आणि त्यांना नाकारण्यात आले होते. ते तसे परतल्यावर, मग मी जातो, असे मुलाने म्हटले.

भाडोत्री सैनिक आणि सक्तीची भरती या दोन गोष्टींचाही काही पत्रांत गोंधळ झाला आहे. ऑस्ट्रेलियाने त्या युद्धात परदेशी सेवेसाठी सक्तीची भरती कधीही केली नाही. १९१६ आणि १९१७ मध्ये त्यासाठी दोनदा जनमत घेतले गेले आणि दोन्ही वेळा लोकांनी नकार दिला. पन्नास लाखही लोकसंख्या नसलेल्या देशातून जे ४,१६,८०९ लोक भरती झाले ते सगळे स्वेच्छेने. पगार मात्र चांगला होता, दिवसाला सहा शिलिंग. ब्रिटिश पायदळातल्या शिपायाला त्या वेळी एक शिलिंग मिळे. पंधरा रुपयांना एक पौंड या त्या काळच्या दराने हिशेब केला तर ऑस्ट्रेलियन शिपायाला महिन्याला १३५ रुपये पडत, आणि आपल्या हिंदी शिपायाचा पगार महिना अकरा रुपये होता. पैशासाठी जिम गेला असे दाखवणारे काही नाही, पण प्रश्न आलाच आहे म्हणून आकडे दिले.

प्रश्न : मी दोन मुलांची आई आहे. त्या आईने सही केली कशी, हे मला कळत नाही. तिला त्याचे वय ठाऊक नव्हते असे तर नाही ना? क्षमा करा, पण मला त्या बाईचा राग आला. — एक वाचिका, सांगली

उत्तर : आपण रागावलात यात क्षमा मागण्यासारखे काही नाही, हा प्रश्न सहा पत्रांत आला आहे, आपण तो सर्वांत स्पष्ट विचारलात एवढेच. मी माझ्यापरीने उत्तर देतो आणि ते पटले नाही तर आपण पुन्हा लिहावे.

अमेलिया मार्टिन यांना मुलाचे वय अर्थातच ठाऊक होते. त्यांनी संमतीची चिठ्ठी लिहून दिली हेही खरे. परंतु ती देण्याआधी घरात जे बोलणे झाले ते लक्षात घ्यावे लागते. मुलाने आईवडिलांना सांगितले होते, की तुम्ही परवानगी दिली नाहीत तर मी दुसऱ्याच नावाने भरती होईन, आणि मग माझ्याकडून तुम्हाला काहीही कळणार नाही. परवानगी दिलीत तर मात्र मी पत्रे लिहीन.

चौदा वर्षांच्या मुलाने केलेली ही मांडणी आहे, पण ती पोरकट नाही. खोट्या नावाने भरती होणे त्या काळी अगदी शक्य होते आणि अनेकांनी तसे केलेही. तसे झाले असते, तर सैन्याच्या दफ्तरात त्याचे खरे नाव, घरचा पत्ता, जवळचे नातेवाईक यांपैकी काहीच बरोबर राहिले नसते. तो जखमी झाला, मेला, हरवला तरी तार कोणत्या तरी खोट्या पत्त्यावर गेली असती किंवा कुठेच गेली नसती. एरवी अल्पवयीन मुलाच्या आईवडिलांच्या हातात एक उपाय असे. लष्करी खात्याला लिहून, हा आमचा मुलगा आहे आणि त्याचे वय इतके आहे, असे कळवले तर मुलाला परत पाठवले जाऊ शकत होते. पण ज्याचे नावच माहीत नाही त्याला परत मागणार कसे? जिमने नेमकी ती वाट बंद करून ठेवली होती. म्हणजे आईसमोर ‘पाठवावे की थांबवावे’ असा पर्याय उरलाच नव्हता. तो नावानिशी जाईल की नावाशिवाय, एवढेच तिच्या हातात होते.

तरीही आपल्याला वाटेल, की धमकीच ती, मुले काय वाटेल ते बोलतात, आईने चार दिवस कळ काढायला हवी होती. असेलही. तसे वाटण्याची सोय आपल्याला आहे, कारण पुढे काय झाले ते आपल्याला माहीत आहे. १९१५ च्या एप्रिलमध्ये मेलबर्नमध्ये बसलेल्या माणसाला हे युद्ध म्हणजे कैरोची छावणी, पिरॅमिडपुढे काढलेली छायाचित्रे आणि लवकरच परत येणारे जहाज असेच दिसत होते.

माझ्या मनात या प्रकरणातली जी गोष्ट घर करून राहिली आहे ती सहीची नाहीच. सहीच्या बदल्यात मिळालेल्या पत्रांची आहे. मुलाने शब्द पाळला. तो नियमाने लिहीत राहिला आणि त्याची पत्रे घरी पोहोचत राहिली. ती आज ऑस्ट्रेलियाच्या युद्धस्मारकाच्या संग्रहात आहेत. पण घरून लिहिलेले एकही पत्र त्याला मिळाले नाही. ९ ऑक्टोबर १९१५ रोजी खंदकातून लिहिलेल्या शेवटच्या पत्रात, काळजी करू नका, मी मजेत आहे, असे सांगितल्यावर तो ताजा कलम म्हणून लिहितो, की लवकर पत्र लिहा, व्हिक्टोरिया राज्य सोडल्यापासून मला एकही पत्र मिळालेले नाही आणि मी तर सतत लिहितो आहे. ऑस्ट्रेलियाची टपाल इजिप्तमार्गे जाई, तेथून गॅलिपोलीनजीकच्या लेम्नॉस बेटावर आणि मग होडीने किनाऱ्यावर; दरम्यान पलटणी हलत, जहाजे बुडत, आणि पोती कुठल्या तरी गोदामात पडून राहत. ज्या आईने पत्रव्यवहार तुटू नये म्हणून सही केली, तिचा आवाज त्या मुलापर्यंत एकदाही पोहोचला नाही. तिने लिहिले नसेल असे त्याला वाटले असेल का, याचा विचार मी करू नये असे ठरवले आहे, आणि तरी तो येतोच.

प्रश्न : तो कोणत्या लढाईत मारला गेला? त्याने काही शौर्य गाजवले होते का? मुलांना सांगता येईल अशी माहिती द्यावी. — एक वाचक, जळगाव

उत्तर : कोणत्याही लढाईत नाही. तो विषमज्वराने मेला. मुलांना सांगायचे असेल तर हेच सांगावे असे मी सुचवेन, पण त्यासाठी थोडे क्रमाने जाऊ.

जिमची नेमणूक २१ व्या पलटणीत, म्हणजे बटालियनमध्ये झाली. ही पलटण व्हिक्टोरिया राज्यातून उभी केलेली होती. तिच्यासाठी निघालेल्या पहिल्या कुमकेच्या तुकडीबरोबर २८ जून १९१५ रोजी तो ‘बेरिमा’ या जहाजाने मेलबर्नहून निघाला आणि ऑगस्टमध्ये इजिप्तला पोहोचला. महिनाअखेरीस पलटण अलेक्झांड्रियाला ‘साउथलँड’ या जहाजावर चढली. २ सप्टेंबरच्या सकाळी, लेम्नॉस बेटाजवळ, एका जर्मन पाणबुडीने त्या जहाजावर टॉर्पेडो सोडला. जहाज बुडाले नाही, ते ओढतरेंगत लेम्नॉसला पोहोचले. पण माणसे होड्यांत उतरली, काही पाण्यात पडली, आणि सुमारे चाळीस जण दगावले. त्यांच्यात ब्रिगेडचे प्रमुख कर्नल रिचर्ड लिंटन हेही होते. जिम चार तास समुद्रात होता आणि वाचला.

तेवढ्यावर त्याला परत फिरता आले असते. मी चौदाचा आहे, असे एक वाक्य कोणत्याही अधिकाऱ्यापाशी उच्चारले असते तरी पुरे होते. तो बोलला नाही, आणि आठ सप्टेंबरच्या पहाटे पलटणीबरोबर गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरला. मोनॅश खोऱ्याच्या माथ्यावर कोर्टनीज पोस्ट नावाचा मोर्चा होता, त्या परिसरातील खंदकांत त्यांना नेमण्यात आले. समोरचे तुर्की खंदक हाकेच्या अंतरावर होते. मात्र लोन पाइनची आणि इतर मोठी चढाई ऑगस्टमध्येच संपली होती. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अँझॅकच्या भागात मोठा हल्ला झालाच नाही. पहारा देणे, खणणे, पाणी वाहून आणणे आणि समोरच्या निशाणबाजापासून डोके सांभाळणे यातच दिवस जात. जिम तेथे जेमतेम सात आठवडे होता.

आता मूळ मुद्दा. त्या चिंचोळ्या जागेत हजारो माणसे महिनोन्महिने राहत होती. गोड्या पाण्याचा तुटवडा होता; पाणी जहाजांनी आणून किनाऱ्यावरून खेचरांच्या पाठीवर आणि मग माणसांच्या हातांनी डोंगरावर चढवावे लागे, त्यामुळे प्यायलाच पुरत नसे, तेथे हात धुण्याची गोष्ट दूरच. दोन्ही बाजूंच्या खंदकांमधल्या पट्ट्यात उन्हाळ्यापासून पुरलेली आणि न पुरलेली प्रेते होती. शौचाचे चर राहत्या जागेला लागून होते. या सगळ्यावर माश्या पोसल्या गेल्या, आणि डबाबंद मांस, कडक बिस्किटे व मुरंबा यांपैकी मुरंबा उघडला की तोंडात जाईपर्यंत तो काळा दिसे असे तेथून आलेल्या माणसांनी लिहून ठेवले आहे. चरातून मुरंब्यावर आणि मुरंब्यातून पोटात, असा हा रस्ता होता. हगवण आणि विषमज्वर यांनी फौज पोखरली. मोहिमेच्या एकूण काळात मित्रसैन्यातून जखमींपेक्षा आजाऱ्यांनाच अधिक संख्येने हलवावे लागले.

आपल्याकडे जुन्या पिढीत विषमज्वराला मुदतीचा ताप म्हणत, कारण तो आपली आठवड्यांची मुदत पुरी करूनच उतरे किंवा रुग्णाला घेऊन जाई. त्यावर गुणकारी ठरलेले क्लोरॅम्फेनिकॉल हे औषध १९४८ मध्ये वापरात आले. १९१५ मध्ये अंथरुणावर निश्चल पडून राहणे, पातळ अन्न आणि चांगली शुश्रूषा हाच उपचार होता. हा जंतू पोटात गेल्यावर ताप दिसायला साधारणपणे एक ते तीन आठवडे लागतात. मुदतीच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास हृदयाचे स्नायू दुबळे होऊन ताप उतरणीला लागलेला असतानाही रुग्ण अचानक जाऊ शकतो. हे लक्षात ठेवून ९ ऑक्टोबरचे पत्र पुन्हा पाहावे. मी मजेत आहे, असे तो लिहीत होता तेव्हा बहुधा रोग त्याच्या अंगात शिरलेला होता.

आजारी पडल्यावरही तो लगेच खंदक सोडून गेला नाही. २५ ऑक्टोबर रोजी त्याला खाली किनाऱ्यावर आणून ‘ग्लेनार्ट कॅसल’ या रुग्णालयाच्या जहाजावर नेण्यात आले तेव्हा प्रकृती पार ढासळलेली होती, आणि त्याच संध्याकाळी हृदय बंद पडून तो गेला. जहाजावरच्या मेट्रन फ्रान्सिस रेडॉक यांनी अमेलिया मार्टिन यांना पत्र लिहून शेवटच्या तासांची हकिकत कळवली. मुलाला स्वच्छ अंथरुणावर आरामात झोपवले, त्याने परिचारिकेचे आभार मानले, जरा झोपतो म्हणून डोळे मिटले, आणि झोप लागण्याआधीच तो अचानक गेला, असा तिचा आशय आहे. मृत्यूची बातमी कळवणाऱ्या अशा पत्रांत सांत्वनासाठी थोडी भर घातलेली असते, हे माहीत असूनही मला हे पत्र खरे वाटते, कारण विषमज्वराने माणूस असाच जातो.

म्हणजे पहिल्या सहीपासून १९६ दिवस. त्यात शौर्य कुठे आहे असे आपण विचारले आहे. टॉर्पेडो लागलेल्या जहाजावरून वाचल्यानंतरही पुढे जाणे आणि अंगात ताप असताना जागा न सोडणे याला शौर्य म्हणता येईल. पण मुलांना सांगताना, हे त्याला सुचले नसते तर बरे झाले असते, हेही सांगावे. आणि माशीची गोष्ट नक्की सांगावी. मुले ती विसरत नाहीत.

प्रश्न : तो महायुद्धातला सर्वांत लहान ऑस्ट्रेलियन बळी होता हे निश्चित आहे काय? — एक वाचक, पुणे

उत्तर : तसे मानले जाते, एवढेच म्हणावे. किती मुलांनी वय चोरून नावे नोंदवली त्याची मोजदाद करणे अशक्य आहे, कारण खोटे वय कागदावर खऱ्यासारखेच दिसते. उलट दिशेनेही चूक होते. बेल्जियममधील ईपरजवळ जॉन कॉन्डन नावाच्या आयरिश शिपायाच्या कबरीवर चौदा हे वय कोरलेले आहे आणि ती बघायला लोक मुद्दाम जातात. पुढे अभ्यासकांनी जन्मनोंदी पाहून तो मृत्यूसमयी अठराचा असावा असे दाखवले. जिमच्या बाबतीत जन्माची तारीख आणि मृत्यूची तारीख दोन्ही पक्क्या आहेत, त्यामुळे त्याच्या वयाविषयी शंका नाही. क्रमांकाविषयी आग्रह धरू नये.

प्रश्न : गॅलिपोलीत आपली माणसे होती का? आमच्या गावात महायुद्धाला गेलेल्यांची शिळा आहे, तीवर गॅलिपोली असे काही लिहिलेले नाही. — एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : हिंदी सैन्य गॅलिपोलीत होते आणि अँझॅकच्या भागातही होते. २५ एप्रिलच्या सकाळीच हिंदी पहाडी तोफखान्याची एक बॅटरी ऑस्ट्रेलियन पायदळाच्या पाठोपाठ किनाऱ्यावर उतरली. शीख आणि गुरखा पलटणींची ब्रिगेड तेथे लढली. आणि मी वर ज्या खेचरांचा उल्लेख केला, ती हाकणारी माणसे हिंदी होती. जिमच्या खंदकापर्यंत पोहोचणारे पाणी, बिस्किटे आणि काडतुसे यांतला मोठा भाग त्यांच्या हातून वर चढला. ही माणसे मुख्यतः उत्तर हिंदुस्थानातली, विशेषतः पंजाबातली होती.

मराठी माणूस त्या वेळी दुसरीकडे, पण त्याच तुर्की सत्तेशी लढत होता. पुणे डिव्हिजन या नावाने ओळखले जाणारे सहावे डिव्हिजन १९१४ च्या अखेरीस मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेले आणि त्यात मराठा पलटणी होत्या. जिम गेला त्यानंतर सहा आठवड्यांनी, डिसेंबर १९१५ मध्ये, हे डिव्हिजन कूत अल् अमारा येथे वेढले गेले आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपाशी अवस्थेत शरण आले. तेथेही हगवण आणि उपासमार यांनीच माणसे खाल्ली, आणि पुढे कैदेच्या वाटेवर त्याहून अधिक मेली. आपल्या शिळेवरचे लोक कुठे गेले असावेत असे विचारलेत, तर सातारा जिल्ह्याच्या बाबतीत मी प्रथम तिकडे पाहीन. नेमके उत्तर मात्र पलटणीचे नाव कळल्याशिवाय देता येणार नाही. घरात पदक असेल तर त्याची कडा भिंगाखाली पाहावी, तेथे क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते.

आपण शिळेवरचा मजकूर उतरवून पाठवलात, त्याबद्दल आभारी आहे. या गावातून अमुक इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेले, त्यांपैकी अमुक इतक्यांनी प्राण अर्पण केले, असा तो ठरावीक मजकूर असतो. माझ्या आजोळच्या चावडीच्या भिंतीतही तशी शिळा होती आणि लहानपणी आम्ही तिच्यावर खडूने स्टंप काढून खेळत असू. तीत आकडा होता, नाव एकही नव्हते.

प्रश्न : पुढील वर्षी आम्ही काही जण तुर्कस्तानच्या सहलीला जात आहोत व गॅलिपोलीचा एक दिवस ठेवला आहे. त्या मुलाची कबर कोठे आहे? — एक वाचिका, रत्नागिरी

उत्तर : कबर नाही. त्याला समुद्रात मूठमाती, म्हणण्यापुरती, देण्यात आली. रुग्णालयाच्या जहाजावर मेलेल्यांचे बहुधा तसेच होई. ते जहाजही पुढे, २६ फेब्रुवारी १९१८ रोजी, इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ टॉर्पेडोने बुडाले.

त्याचे नाव लोन पाइन स्मारकावर आहे. कबर न मिळालेल्या किंवा समुद्रात विसर्जन केलेल्या सुमारे ४,२०० ऑस्ट्रेलियन सैनिकांची आणि त्यांच्याबरोबर न्यूझीलंडच्या काही शेकड्यांची नावे तेथे कोरलेली आहेत. नावे पलटणवार लावलेली असल्यामुळे आधी २१ वी पलटण शोधावी आणि मग मार्टिन. वय तेथे लिहिलेले नाही. २५ एप्रिलच्या आसपास जाऊ नये, तेव्हा ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडहून येणाऱ्यांची फार गर्दी असते.

त्याच दिवशी वेळ निघाला तर द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाला हेलेसचे स्मारक आहे, तेथे गॅलिपोलीत मेलेल्या हिंदी सैनिकांची नोंद आहे. मराठा पलटणींचे स्मारक मात्र आपल्या सहलीच्या वाटेवर येणार नाही. ते इराकमध्ये बसऱ्याला आहे. १९९७ मध्ये मूळ जागेवरून उचलून शहराबाहेर, नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेऊन ठेवले गेले. चाळीस हजारांहून अधिक मृतांचे ते स्मारक आहे. त्यावर ब्रिटिश अधिकारी व शिपाई आणि हिंदी अधिकारी यांची नावे कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांची पलटणवार संख्या.